गोड्या विहिरीवरचा तवंग

मामाच्या घरी पाहुण्याले पाण्यासोबत गूळ देत नसत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर हाय. आमच्या खारपाणपट्ट्यात कोणाच्याही दारात जा, आधी तळहातावर गुळाचा खडा येते अन् मंग पाण्याचा गडवा. पाणी खारं ना. गूळ जिभेवर असला की घोट कसातरी खाली उतरते. मामी मात्र नुसता गडवा पुढे करायची अन् पाहुण्याच्या तोंडाकडे पाहत उभी राहायची. पाहुणा गुळाची वाट पाहायचा. मंग बिचारा नाइलाजानं एक घोट घ्यायचा, थांबायचा, गडव्यात डोकावून पाहायचा, अन् एका दमात सगळा गडवा रिकामा करायचा.

"आमच्या इथी गूळ लागत नाई," मामी म्हणायची. बस एवढंच. पण म्हणायची कशी! जशी काही विहीर तिनंच खोदली.

गाव पूर्णेच्या काठचं, अकोल्याहून दर्यापूरकडे जाताना लागते. तिकडं कोठीही विहीर खांदा, खारं पाणी. माणसं पीत नाहीत, ढोरं तोंड लावून मान फिरवतात. आज्याच्या वक्ताले म्हणे तिकडं विहिरीच्या पाण्यापासून मीठच काढत, मंग सरकारनं ते बंद केलं. अशा मुलखात मामाच्या दीड एकराच्या मळ्यात एक विहीर गोडी निघाली होती. कशी निघाली ते कोणालेच माहीत नाही. आजूबाजूच्या सगळ्या खाऱ्या, मधात ही एक गोडी. मामा माळी. त्या पाण्यावर वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, धुऱ्याच्या बांधाच्या कडेनं झेंडू. सकाळी मोट चालायची ती मळ्यासाठी, अन् मोट थांबली की अख्ख्या गावाच्या बाया घागरी घेऊन यायच्या. मामानं कधी कोणाले नाही म्हटलं नाही. म्हणूच शकत नव्हता, त्याले आवडायचंच ते.

आता माझं सांगतो. मी अमरावतीचा. मॅट्रिक झाल्यावर टायपिंगच्या क्लासले गेलो अन् तिथं माझ्या बोटांत काय शिरलं कोण जाणे, मी सुसाट सुटलो. मास्तर म्हणायचे, अरे मशीन मोडशील. त्याच बोटांच्या जोरावर मले अकोल्यात नोकरी लागली. एक कंपनी आली होती, जमिनीत तेल हाय काय ते पाहायले. खायचं तेल नाही, रॉकेल निघते ते, मातीचं तेल. मध्यप्रांत-वऱ्हाडात कोणी असलं काही पाहायले आलं हे ऐकूनच मले झोप लागेना. घरी मायले सांगितलं तं ती म्हणाली, "जमिनीतून तेल? मंग घाणीले कोणता बैल जुपतात रे?"

ऑफिस म्हणजे एका जिनिंगच्या आवारातली भाड्याची खोली. कापसाची बारीक उडती रुई सगळीकडं बसायची, मशीनच्या दांड्यांवर सुद्धा. मी सायकलच्या पंपानं हवा मारून मशीन साफ करायचो. खोलीत आमी दोघंच. एक मी, अन् दुसरे आमचे साहेब. साहेब पुण्याचे, चाळिशीतले, दगडमातीचं शास्त्र शिकलेले, खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर भेंडाची टोपी. ते मले पहिल्या दिवशी म्हणाले, "हे 'मले, तुले' काय चाललंय? 'मला' म्हण." मी म्हटलं, "हो साहेब, मले जमेल." ते हसले नाहीत. नंतर आठ दिवसांनी एकदम हसले.

त्यांचं काम असं. गावोगाव हिंडायचं, प्रत्येक विहीर पाहायची. गाठी मारलेला दोर सोडून पाणी किती खोल ते मोजायचं, पाण्यात बुडबुडे येतात काय पाहायचं, वास घ्यायचा, अन् चव घ्यायची. स्वतः! इतकं खारं पाणी चाखून साहेबाचं पोट कायम बिघडलेलं असायचं. बाटलीत पाणी भरून चिठ्ठी चिकटवायची अन् संध्याकाळी सगळं मले सांगायचं. मी तक्ता टाइप करायचो, तीन प्रती, मधात कार्बन. विहिरीचं गाव, खोली, चव, वास, बुडबुडे, तवंग, अन् शेवटच्या रकान्यात साहेबाचं मत. आशा बरी, आशा थोडी, आशा नाही. इंग्रजीत अर्थात.

मी विचारत सुटायचो अन् ते सांगतही होते, कारण दुसरं कोण होतं ऐकायले. ते म्हणायचे, "तेल तळ्यासारखं नसतं रे. आधी खाली कुजलेला जुना गाळ पाहिजे, त्यातून ते तयार होतं. मग ते साठायला भोकाभोकांचा दगड पाहिजे, भिजलेल्या स्पंजासारखा. वर घट्ट झाकण पाहिजे. आणि झाकण कुठे फुटलेलं नको. या चारांतलं एक नसलं तर काही नाही."

"मंग आपल्या इथी काय काय हाय साहेब?"

"वर तुमची काळी माती, खाली नदीचा गाळ, खारं पाणी. त्याखाली काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे झाकणच झाकण. त्याच्याखाली काय शिजतंय ते वरून कळत नाही." मंग थोडं थांबून, "काही शिजत असेल तर."

मले ते इतकं आवडलं की मी त्या दिवशीच्या तक्त्यात दोन चुका केल्या.

पण आशा नाही, आशा नाही, आशा नाही. महिने असे गेले. चाळीसेक विहिरी झाल्या असतील. बुडबुडे होते काही ठिकाणी, पण ते कुजलेल्या पानांचे, साहेबांनी काडी पेटवून पाहिलं होतं, जरासं निळं भक् होऊन संपायचं. एका विहिरीवर रंगीत तवंग दिसला तेव्हा मी नाचायचाच बाकी होतो. साहेबांनी एक काडी घेतली अन् तवंगाले टोचली. तवंगाचे काचेसारखे तुकडे झाले अन् ते तसेच वेगळे वेगळे राहिले. "लोखंडाचा गंज," साहेब म्हणाले. "तेल असतं तर काडी काढल्यावर परत एकत्र आलं असतं. तेल तुटत नाही." हे नीट लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

मंग वरून पत्र आलं. महिनाअखेर काही नाही सापडलं तं अकोल्याचं ऑफिस बंद करा. ते पत्र मीच उघडलं, मीच फाइलले लावलं. ऑफिस बंद म्हणजे मीही बंद. साहेब ते वाचून खिडकीपाशी गेले अन् बाहेरच्या सरकीच्या ढिगाकडे पाहत राहिले. म्हणाले, "दर्यापूरच्या रस्त्यावरच्या पाच-सहा विहिरी राहिल्यात. तेवढ्या करू आणि गाशा गुंडाळू."

मामाचं गाव त्यातच होतं. मी आनंदानं उडालोच. रविवारी दुपारीच गावी जाऊन धडकलो, सोबत अकोल्याहून रॉकेलची बाटली, कारण मामी दरवेळी रॉकेल मागायची.

"मामा, उद्या साहेब येते आपल्या इहिरीवर!"

मामा वांग्याच्या वाफ्यात होता. तसाच उठला, हात धोतराले पुसले. "कोण साहेब?"

"आमचा! दगडाचा! गोडी इहीर पाहायले!"

"बापा," मामी म्हणाली. "साहेबाले गूळ लागंल काय?"

"तुमच्या इथी कोणाले लागते, मामी?"

ती लाजली, पण खूश झाली. मामा मात्र विहिरीकडे पाहून राहिला होता. मले कळलं तो काय पाहतो ते. चाक. मोटेचं चाक. मामाच्या घरची जुनी रीत हाय, कोणी मोठा माणूस विहिरीवर येणार असला, सोयरे येणार असले, नवी सून पहिल्यांदा पाण्याले येणार असली, की आदल्या दिवशी चाकाले तेल पाजायचं. चाक कुरकुरलं तं पाहुणा काय म्हणंल, ह्या घरात घोटभर तेल नाही? मामाचा बाप म्हणे एकदा चाक कुरकुरलं म्हणून पाहुण्यांसमोर जेवला नव्हता. अन् मामाचं चाक तेव्हा लय कुरकुरत होतं. कण्यावर जुनं वंगण वाळून डांबरासारखं काळं घट्ट झालं होतं.

"एरंडीचं तेल टाकून नाई चालाचं याले," मामा म्हणाला. "आधी हे सुटलं पायजे."

"रॉकेल टाका," मी म्हणालो.

मीच म्हणालो. बाटली मीच आणून दिली. मामा विहिरीच्या काठावर पालथा पडून कण्यावर रॉकेल सोडत होता, मी चाक फिरवत होतो, अन् काळं काळं वंगण सुटून खाली टपटप पडत होतं. मामी ओरडली, "पाण्यात पडून राह्यलं ना वो!" मामा म्हणाला, "थेंबभर तं हाय, सकाळच्या दोन मोटा मारल्या की साफ." मंग वरून भरपूर एरंडीचं तेल. संध्याकाळी चाक असं फिरत होतं की आवाजच नाही. मामानं ते तीन-चार वेळा उगाच फिरवून पाहिलं, लहान मुलासारखं.

सकाळी साहेब लवकर आले. मोटा मारायच्या आधीच आले.

मामीनं आदल्या दिवशी भरलेल्या रांजणातला गडवा दिला. साहेबांनी सवयीनं चव घेतली, थुंकायले वळले, अन् थांबले. मंग सगळं पाणी प्यायले. मामी माझ्याकडे पाहून हसली. साहेब म्हणाले, "इतक्या खाऱ्यात हे गोड कसं?" अन् विहिरीवर गेले, वाकले, अन् तसेच वाकलेले राहिले.

मी त्यांच्या शेजारी होतो. पाण्यावर तवंग होता. जांभळा, हिरवा, मोराच्या मानेसारखा. साहेबांनी बादली सोडली, वर घेतली, नाक लावलं. त्यांचे कान लाल झाले. मंग त्यांनी वांग्याच्या वाफ्यातली एक काडी घेतली, तवंगाले टोचली, अन् काढली. तवंग फाटला, हळूहळू फिरला, अन् परत एक झाला.

मले माहीत होतं ना ते काय हाय. माझ्या हाताले अजून रॉकेलचा वास होता. पण खरं सांगतो, त्या घडीले मले ते आठवलंच नाही. मीही काडीकडे पाहून राहिलो होतो अन् मनात एकच, सापडलं, सापडलं!

मंग साहेब सरळ उभे राहिले अन् मामाकडे वळले. आवाज एकदम सरकारी झाला. "तुम्ही या विहिरीत तेल टाकता का?"

मामा हादरला. "काय साहेब?"

"तेल. तेल टाकता का पाण्यात? कधी सांडतं का?"

मामानं हात जोडले. "नाई साहेब. देवाशप्पथ. पिण्याची इहीर हाय, अख्खं गाव पेते. आमी कायले घाण टाकू? माझ्या बापानं बी कधी टाकलं नाई."

"नक्की?"

"लेकराची शप्पथ."

तेव्हा मले आठवलं. एकदम, सगळं. बाटली, टपटप, मामीचं ओरडणं. मामीनं पदर तोंडाशी धरला होता अन् ती माझ्याकडे पाहत नव्हती. मामाची मान ताठ झाली होती. त्याले वाटलं साहेब दम देऊन राहिला, पिण्याचं पाणी नासवता काय म्हणून. आता मी मधात बोललो तं मामा चारचौघांत, परक्या माणसासमोर, लेकराची शपथ घेऊन खोटा पडणार. मी तोंड उघडलं. अन् बंद केलं. साहेबांनी बाटली भरली, चिठ्ठी चिकटवली, अन् आमी निघालो.

मोटारीत साहेब पहिल्यांदाच गाणं गुणगुणत होते.

ऑफिसात आल्यावर मी कागद चढवला. हात चालून राहिले होते, त्यांचं त्यांचं. साहेब सांगत होते अन् मी टाइप करत होतो. चव, गोड. वास, स्पष्ट. तवंग, आहे, काडीने तुटत नाही. मी थांबलो.

"साहेब, हा तवंग बाहेरून आलेला असू शकते काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे कोणाच्या हातानं."

"म्हणून तर मालकाला विचारलं ना मी. शपथ घेतली त्याने. तू तिथेच उभा होतास."

"हो," मी म्हणालो.

तो 'हो' माझा. त्याच्यात मामाची अब्रू होती, हे खरं. पण फाइलमधलं ते पत्रही होतं, अन् माझं मशीन होतं, ऑफिस बंद होणार होतं. मी मनाशी म्हटलं, बोअर मारतील तं कळेलच ना. नाही निघालं तं नाही निघालं. कोणाचं काय बिघडते? अन् शेवटच्या रकान्यात टाइप केलं, आशा बरी. तिन्ही प्रतींवर. चूक एकही नाही.

साहेब कच्चे नव्हते. चार दिवसांनी ते परत जाऊन आले, माझ्याशिवाय. मी खोलीत बसून देवाले म्हणत होतो की तवंग गेलेला असू दे. गेलेला असणारच होता, रोज मोटा चालत होत्या. पण साहेब आले ते हसतच. "तसाच आहे! उलट जास्त!"

मले कळेना. पुढच्या रविवारी गावी गेलो तं मामा म्हणाला, "तुहा साहेब परत येऊन गेला ना. आदल्या दिवशी निरोप आला, तवा म्या चाकाले पुन्हा पाजलं. तूच बाटली ठेवली होती ना, तेच. आता कसं एकदम गुमान फिरते पाह्य." अन् त्यानं चाक फिरवून दाखवलं. साहेब यायचा असला की चाकाले तेल, चाकाले तेल असलं की तवंग, तवंग असला की साहेब. मी हसलो. हसू आलं हे आठवते. मामाले वाटलं चाकाचंच कौतुक हाय.

मी तेव्हाही सांगू शकत होतो. ऑफिस चालू राहणार असं पत्र आदल्याच दिवशी आलं होतं.

मंग बोअरचं सामान आलं. लोखंडी पाईप, उंच तिपाई, इंजिन, बैलांच्या बंड्याच्या बंड्या भरून. विहिरीपासून तीसेक पावलांवर, मेथीच्या वाफ्यात, खुंट्या मारल्या. मामानं मेथी आधीच उपटून बाजारात नेली होती. गावाची तं जत्राच. पोट्टे झाडावर चढून बसले होते. एक म्हातारा मामाले म्हणाला, "माळीबुवा, आता तू झेंडू सोड अन् दिवे विक." मामा म्हणाला, "तेल निघालं तं पह्यला दिवा तुह्या घरी, तुहं तोंड तं दिसंल एकदाचं कोणाले." सगळे हसले. मामाले तेलाचं फारसं काही नव्हतं. त्याले एवढंच होतं, की आपल्या मळ्यात सरकारदरबाराइतकी मोठी गोष्ट होऊन राहिली अन् आपण सगळ्यांले गोडं पाणी पाजून राहिलो. बोअरचे मजूर दिवसभर तेच पाणी पीत. मामी गडवे भरून थकायची.

धप्, धप्, धप्. दिवसभर तो आवाज. पहिले काळी माती, मंग पिवळी, मंग खाऱ्या पाण्याचा गाळ. त्याच्यातून पाईप उतरवत गेले म्हणून ते पाणी बाहेरच राहिलं. मी दर दोन दिवसांनी अकोल्याहून जायचो अन् किती खोल, कोणता थर, ते लिहून आणायचो. मंग एक दिवस आवाज बदलला. टण्. पाषाण लागला होता. आठ दिवस टण् टण् करून लोखंडाची धार गेली, पण बोटभरही पुढं सरकेना. ना वास, ना बुडबुडा, ना तवंग. साहेब दिवसेंदिवस गप्प होत गेले. एकदा वर काढलेल्या चिखलाच्या बादलीत त्यांनी काडी फिरवली अन् काडीकडेच पाहत राहिले.

शेवटी वरून हुकूम आला. काम थांबवा, पाईप काढून घ्या, दुसरीकडे लागतात.

"पाईप काढले तं भोक उघडं राहील ना साहेब," मी म्हणालो.

"माती टाकून बुजवतील."

"पण मधातलं खारं पाणी? ते गोड्या झऱ्यात उतरेल ना?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. "पाईप इथे ठेवायची परवानगी नाही," ते म्हणाले, अन् टोपी घालून बाहेर गेले. जाताना बाहेरून म्हणाले, "मी वर लिहिलं होतं तसं, पाईप राहू द्या म्हणून." लिहिलं होतं, खरं हाय. ते पत्र मीच टाइप केलं होतं, अन् त्याचं उत्तरही मीच फाइलले लावलं होतं.

शेवटचा अहवाल मी दोन दिवसांत टाइप केला. आशा नाही. त्याच्यात जुना तक्ता जसाच्या तसा जोडला. मामाच्या विहिरीची ओळ आली. चव, गोड. मंग ऑफिस बंद झालं. साहेबांनी जाताना माझा हात हातात घेतला अन् म्हणाले, "छान टाइप करतोस. 'मला' म्हणायला शीक." मले काही वाटलं नाही. गाडी गेली तेव्हाही नाही. मी प्लॅटफॉर्मवर उभा होतो अन् बोटं मांडीवर आपोआप चालून राहिली होती.

महिन्याभरानं, मी अमरावतीले घरी होतो तेव्हा, मामीचा निरोप आला, माय म्हणाली, "मामाच्या घरी वरण शिजून नाई राह्यलं म्हणते."

मी उठलो अन् सरळ गावी गेलो. मामी चुलीपाशी होती. तुरीची डाळ सकाळपासून चढवली होती अन् दाणे तसेच, आख्खे, पाण्यात गरगर फिरत होते. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे तिकडच्या प्रत्येक बाईले माहीत असते. मामीले माहीत नव्हतं, कारण तिच्यावर कधी पाळीच आली नव्हती. तिनं आधी डाळीले दोष दिला, मंग लाकडाले, मंग भांडं बदललं. पाणी तिनं सगळ्यांत शेवटी चाखलं.

"जीभ खराब झाली असंल माही," ती म्हणाली. "तू पाह्य बरं."

मी चाखलं. साहेबांसारखं, जिभेच्या टोकावर. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, जशी पाहुण्यांच्या तोंडाकडे पाहायची, अन् चुलीतलं लाकूड बाहेर ओढून विझवलं. आमी ते वरण तसंच खाल्लं. दातांखाली दाणे करकर वाजत होते. मामा दोन वेळा म्हणाला, "चांगलं झालं."

बाया घागरी घेऊन यायच्या बंद झाल्या. भांडण नाही, काही नाही. एक दिवस दहा आल्या, मंग चार, मंग कोणीच नाही. गाव आता पूर्णेच्या रेतीत झिरा खांदून पाणी आणते, उन्हाळ्यात तेही आटते. लोक म्हणत, कंपनीनं इहीर नासवली. मामा त्यांच्यात बसून मान हलवायचा. वांगी आधी पिवळी पडली, मंग गेली. झेंडू थोडे दिवस तगला.

मी मामाले सांगितलं ते विहिरीच्या काठावर. मोट काढून ठेवली होती, चाक रिकामं. मी सगळं सांगितलं, काडी म्हणजे काय, तवंग म्हणजे काय, साहेब काहून विचारत होता. लवकर लवकर सांगितलं, जसं टाइप करतो तसं. मामा ऐकत राहिला.

"म्हणजे थो दम नव्हता देऊन राह्यला?"

"नाही मामा. त्याले फक्त पाहायचं होतं, तेल जमिनीतलं हाय की तुमचं."

"मले वाटलं, पेण्याच्या पाण्यात घाण करता काय म्हणून पकडते." मंग, "तू तं तेथीच होता."

"हो."

"मंग बोलला काहून नाई बापा?"

"तुमी शपथ घेतली होती. चारचौघांत तुमाले खोटं कसं पाडू?"

मामानं चाकावर हात ठेवला. ते थोडंसं फिरलं, आवाज न करता. "पाडाचं होतं ना बावा," तो म्हणाला. "खोटा पडलो असतो. इहीर तं राहिली असती."

नोकरीचं मी त्याले सांगितलं नाही. इथं लिहून राहिलो, त्याले सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही. फक्त उठताना म्हणाला, "गावात काही बोलू नको. मामीले तं नाईच."

आता मी अमरावतीले कचेरीत टायपिस्ट हाय. बोटं अजून तशीच पळतात. मागच्या महिन्यात मामाकडे गेलो. मामा दुसऱ्याच्या वावरात निंदणाले गेला होता. मी ओट्यावर बसलो. मामी आतून आली, माझ्यापाशी उभी राहिली, अन् माझा हात उलटा करून तळहातावर गुळाचा खडा ठेवला. चांगला मोठा.

"आधी हे तोंडात टाक," ती म्हणाली.

मंग तिनं गडवा दिला. मी पाणी प्यायलो, सगळं. ती माझ्या तोंडाकडे पाहत नव्हती, अंगणात पाहत होती. गडवा परत घेताना म्हणाली, "अजून लागंल काय गूळ?"

"नाही," मी म्हणालो. "पुरला."